खोक्याला लावलेली चेन

शिंप्याचा हात असा, की वाऱ्यावर उडणाऱ्या रेशमातून तो खडूची रेघ न मारता बाही काढी. पण सुपरमार्केटातल्या दुधाच्या खोक्यापुढे त्याची मात्रा चालत नसे. निळं झाकण फिरवावं, तर खाली प्लॅस्टिकची कडी. ती ओढावी, तर कडी बोटात आणि दूध आतच. वर खोक्यावर छापलेलं: ‘सहज उघडा’. मग शिंपी दात-ओठ खाऊन कात्री खुपसायचा. एकदा धार थेट फिरत्या पंख्याला लागली, आणि पंख्याने सगळ्या घराला दूध समान वाटून दिलं. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

तरी सकाळचा चहा तोच करी, कारण तो सासूबाईंचा चहा होता. त्या त्याच्याकडेच राहत. मशीनशेजारी बसून काजं करीत आणि गिऱ्हाइकांच्या वाढत्या पोटांवर शेरे मारीत. त्या नसत्या तर दुकान मुकं झालं असतं.

आणि त्यांना न्यायला साडू आला. घड्याळं दुरुस्त करणारा, नखंसुद्धा चकचकीत.

“आई, आता आमच्याकडे चला.”

“बघते,” सासूबाई म्हणाल्या आणि खाटेखालची कपड्यांची पिशवी काढून खाटेवर ठेवली. शिंप्याने ते पाहिलं आणि चुकीच्या बाजूने बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी साडूने खोका घेतला, कडीत करंगळी घातली, टुक्. एक थेंब इकडचा तिकडे नाही.

“अगंबाई, काय हात आहे!” सासूबाई म्हणाल्या.

“शिका जरा भाओजींकडून,” बायकोनं मीठ चोळलं.

शिंप्याने चहाचा घोट घेतला. चहा उत्तम होता, आणि त्याचंच तर दुःख होतं. दिवसभर त्याच्या कानात ते ‘टुक्’ वाजत राहिलं. गिऱ्हाइकाच्या पाटलोणीला त्याने तिसरा पाय कापला म्हणतात. मी पाहिला नाही, पण ती पाटलोण घालून गेलेला माणूस खूश होता.

दुपारी घर पेंगत असताना त्याने एक भरला खोका मांडीवर घेतला. करंगळीने उघडतोस काय? मी असा उघडीन की बघत राहशील! त्याने खोक्याच्या उतरत्या माथ्यावर, दुधाच्या वर, चीर देऊन मेण लावलेल्या दोऱ्याने चक्क चेन शिवली. झग्याला लावतात तशी, पितळी.

सकाळी सगळ्यांना जमवून त्याने चेन सर्रकन ओढली. लोण्यासारखी उघडली! साडूचा चेहरा पडला. शिंप्याने तो डोळे भरून पाहिला आणि ऐटीत खोका पातेल्यावर कलता केला.

बारीक टाका हा त्याचा लौकिक. टाके जितके दाट, तितकी सुईची भोकंही दाट. प्रत्येक भोकातून एकेक धार सुटली. साडूच्या चष्म्यावर, बायकोच्या वेणीवर, शिंप्याच्या कानात. पातेलं तेवढं कोरडं ठणठणीत.

“खोका आहे की झारी!” बायको ओरडली.

सासूबाई खाली बसून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी, मग उचकी. शेवटी पदराने तोंड पुसत त्यांनी पिशवी उचलली आणि खाटेखाली ढकलून दिली.

“धाकटे जावई, रागावू नका. तुमच्याकडे चहा छान मिळेल हो. पण असला तमाशा कुठला?”

शिंपी जिंकला. दिवसभर शीळ घालत शिवत बसला.

दुसऱ्या सकाळी स्वयंपाकघरातून ‘फस्स्’ असा आवाज आला. पाठोपाठ सासूबाईंचं हसणं, कालच्याहून मोठं. शिंपी हातातला सदरा टाकून धावला. साडू ओट्याजवळ उभा. डोक्यापासून चपलांपर्यंत पांढरा, नाकाच्या शेंड्यावर एक थेंब अगदी मधोमध. छतावर दुधाचं गोल वर्तुळ, घड्याळाच्या तबकडीसारखं रेखीव.

“हात सटकला, आई,” साडू साळसूदपणे म्हणाला.

पिशवी खाटेखालीच होती. शिंप्याने वाकून दोनदा पाहिलं. तरी त्याचा जीव जळत राहिला. मेल्याने सांडलंसुद्धा माझ्यापेक्षा सुबक!

त्याने दुसरा खोका काखेत मारला आणि कात्री शोधू लागला.

“आई, तिकडे काय बघता? इकडे बघा!”