पडवीची अडचण

सत्यवान मास्तर शिकवायला चांगला, पण दुसऱ्याच्या घरात वागायची रीत त्याला नव्हती. खडूचे हात माझ्या खांबाला पुसणार, पाणी दिलं की रिकामा तांब्या तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून मोकळा होणार. ते सगळं मी चार वर्षं सोसलं. पण माझ्याच पडवीत बसून त्याने पंचायतीला अर्ज लिहिला आणि मला एका शब्दाने विचारलं नाही, हे काही सोसवलं नाही.

साठ सालची गोष्ट. मधल्या सुट्टीत कागद टेबलावर उघडाच पडला होता. मी दुसरीपर्यंत शिकलेली. बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावत वाचला. ‘सध्या शाळा एका वृद्ध बाईच्या पडवीत भरत असून मुलांच्या गोंगाटाचा तिला फार त्रास होतो.’ मला तेव्हा छप्पन्नावं चालू होतं. विहिरीचं पाणी मीच ओढत होते, नारळ मीच सोलत होते. वृद्ध म्हणे! आणि त्रास होतो हे त्याला सांगितलं कोणी?

गावाला शाळा मंजूर झाली तेव्हा जागा नव्हती, म्हणून मी पडवी दिली. भाडं मागितलं नाही. घर सात खणांचं. घरवाला गलबतावर तांडेल होता, तो गेला. दोन्ही मुलगे मुंबईला गोदीत, सुना त्यांच्याबरोबर. चतुर्थीला यायचे आणि गणपती पाण्यात गेला की दुसऱ्या दिवशी ट्रंका बांधायचे.

शाळा आल्यापासून मला घड्याळ मिळालं होतं. पोरांनी दोनाचा पाढा धरला की मी तांदूळ वैरायची. पंधराच्या पाढ्याला भात तयार. रविवारी तो कधी करपायचा, कधी कच्चा राहायचा. मे महिन्याच्या सुट्टीत तर मी पेजेवरच दिवस काढायची. एकटीसाठी भाताचं भांडं कोण घासत बसणार? हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

अर्जात मास्तरने मागितलं होतं असं : देवळामागच्या माळावर दोन खोल्या बांधाव्यात आणि सातवीपर्यंत वर्ग काढावेत. अर्धा खर्च सरकार देणार, अर्धा गावाने उभा करायचा. त्यासाठी तीन वर्षं घरपट्टीवर रुपयामागे चार आणे जादा. ते द्यायचे की नाही हे गावाने हात वर करून ठरवायचं, म्हणून देवळात सभा बोलावली.

गावातले निम्मे पुरुष मुंबईला, तेव्हा सभेत बायाच जास्त. बायांचे हातही मोजायचे, असं ग्रामसेवकाने आधीच बजावलं होतं. आणि माझा हात जिकडे, तिकडे आमच्या वाडीतल्या बायांचे हात, हे गावाला ठाऊक होतं. मी पट्टीच्या विरुद्ध हात करायचा हे ठरवूनच गेले होते. लोक म्हणाले असते, सात खणांची पट्टी वाचवली म्हातारीने. म्हणोत. कंजूष म्हटलेलं मला चालणार होतं. पोरांशिवाय हिला करमत नाही, असं म्हटलेलं चालणार नव्हतं.

पहिला महादू उठला. “फुकटची पडवी आसताना पट्टी कित्याक? उद्या म्हणशात, देवाकय नवीन घर बांधा!”

लोक हसले. मास्तर उभा राहून काही बोलू लागला, तेवढ्यात सरपंच गंगारामाने हात करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडे वळला.

“वयनी, तुमीच सांगा. पोरांची तुमका अडचण जाता काय? जायत नसात तर शाळा थंयच चलांदे. पट्टीचो इषयच नको.”

मला नुसतं ‘नाय’ म्हणायचं होतं. ते खरंही होतं.

शेजारी तुळसा बसली होती. तिची शेवंती चौथीत. तिसाचा पाढा एका दमात म्हणणारी ती एकटीच. पुढची शाळा खाडीपलीकडे. “पावसात चेडवाक तरीत कोण बसयतला?” असं तुळसा मला विहिरीवर म्हणाली होती. म्हणजे जूनपासून शेवंती गुरांमागे. मलाही माहेरी दुसरीनंतर कोणी होडीत बसवलं नव्हतं. तुळसा सरपंचाकडे बघत नव्हती. ती माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघत होती.

“अडचण?” मी म्हटलं. “चार वर्सां कान किटले माझे! दुपारची डोळ्याक डोळो लागना नाय, भात वाळत घालूक जागा नाय. घेवन जावा तुमची शाळा एकदाची.”

आणि मी पट्टीच्या बाजूने हात वर केला. तुळसाने केला. मग वाडीतल्या बायांनी.

“वयनी, पट्टी तुमकाच सगळ्यांत जास्त बसतली हां!” महादू ओरडला.

“बसांदे. तुझ्या बापाशीकडे मागूक येवचंय नाय.”

सगळं देऊळ हसलं. मीही हसले. हसायलाच हवं होतं.

जूनपासून पाचवीही माझ्याच पडवीत बसली. त्याच वर्षी दिवाळीनंतर माळावरच्या खोल्यांवर कौलं चढली. पोरांनी फळा डोक्यावरून नेला, टेबल नेलं, घंटेचा लोखंडी तुकडाही वाशावरून सोडवून नेला. शेवटी मास्तर आला, हातात नारळ घेऊन. पडवीतल्या सारवणावर पोरं बसून बसून खळगे पडले होते, ओळीने. तो त्यांतून चालत आला. खाली बघितलं नाही.

“आजी, आजपासून तुम्हाला शांतता,” तो म्हणाला. “तुमचे फार उपकार आहेत. तुमचा त्रास मला रोज दिसत होता.”

मी नारळ घेतला, खाली ठेवला.

“मास्तरांनू, पोरांका तुमी बरां शिकयलास. त्या शेवंतीक सातवी पास करून दाखवा, मगे गावभर तुमची तारीफ करीन. पण माणूस म्हणान तुमी कच्चे. चार वर्सां माझ्या दारात बसलास, आणि आत कोण रवता, कसा रवता, तां एकदापण इचारलास नाय. इचारलां असतास तर मी खरां सांगलां नसतां, ती गोष्ट येगळी. पण इचारूचां होतां.”