कठड्याआडची हिल्मा

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. हसू नका! भातुकलीतली नव्हे, चांगली बाईमाणसाएवढी थोरली. फिनलंडमधल्या एका गावात सहायक परिचारिकांची शाळा आहे. म्हाताऱ्या माणसांना न्हाऊ कसं घालावं, भरवावं कसं, कूस कशी बदलावी, हे सगळं तिथे शिकवतात. त्या शाळेत खिडकीजवळच्या पलंगावर मी सव्वीस वर्षं पडून काढली.

कारखान्यात मला नुसता एक आकडा होता. हिल्मा हे नाव पहिल्या वर्गातल्या मुलींनी ठेवलं. त्यांनी मला हौसेने पांढऱ्या केसांचा टोप आणला, लोकरीचे मोजे विणले. तेव्हा माझं किती कौतुक! 'हिल्माची कातडी किती मऊ,' म्हणायच्या. पुढे कातडी पिवळी पडली. सुया टोचून टोचून डाव्या दंडाची चाळण झाली. माझे खोटे दात तर किती वेळा काढले आणि बसवले, त्याला गणतीच नाही.

मला सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. पण बोलणार कशी? मूग गिळून पडून राहायचं. शुक्रवारी कोणी मला भिंतीकडे वळवून घरी गेलं, की सोमवारपर्यंत मी भिंतच बघायची. बाहेर बर्फ पडतोय की ऊन आहे, तेही कळायचं नाही. जीव नुसता कोंडून जायचा.

आणि मग आली मेर्या. वय एक्कावन्न. गावातल्या कागद कारखान्यात अठ्ठावीस वर्षं कागद कापायच्या यंत्रावर उभी होती. कारखाना बंद पडला आणि बाई सतरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या वर्गात येऊन बसली. हात असे तयार, की चादर एका झटक्यात ताठ. बोलणं मात्र मोजकं.

तिला एकच खोड होती. माझ्याकडे पाठ फिरवायच्या आधी ती पलंगाचा कठडा वर करायची. खट्ट! पाणी आणायला चालली, खट्ट. टॉवेल घ्यायला वळली, खट्ट. यंत्राची जाळी लावल्याशिवाय पाठ फिरवायची नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. जित्याची खोड, दुसरं काय?

"अगं मेर्या, हिल्मा काय पळून जाणारे?" वेन्ला नावाची एक फटकळ पोरगी म्हणायची.

"पडली तर? पडल्यावर तू उचलशील?" मेर्या तिला गप्प करायची.

शिकवणाऱ्या तुओवीबाईंनी तिला दहादा सांगितलं होतं. डॉक्टरांच्या परवानगीवाचून कठडा वर करायचा नाही. कायद्याने ते माणसाला कोंडणं होतं. मेर्या मान डोलवायची. पण फेब्रुवारीत परीक्षा झाली, तेव्हा मला स्वच्छ पुसून, कूस बदलून बाई घाण पाणी ओतायला वळली आणि खट्ट! तिचं तिलाही कळलं नाही.

"नापास," तुओवी म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारी शेवटची संधी. तेव्हाही चुकलीस तर वृद्धाश्रमात कामाला पाठवता येणार नाही. शाळाही सुटेल."

मेर्याचा चेहरा पांढराफटक पडला. गावातल्या त्याच वृद्धाश्रमात तिची आई होती. आईजवळ राहता यावं म्हणून तर तिने हा सगळा खटाटोप मांडला होता.

"पण चुकलं काय?" ती एकदम चिडून म्हणाली. "माझी आई पलंगावरून पडली, खुबा मोडला. तुमचा कायदा आला होता का तिला धरायला?"

तुओवी शांतपणे म्हणाल्या, "हिल्माला खुर्चीत बसव आणि तू झोप तिथे. आम्ही जेवून येतो."

तो गुरुवार होता, म्हणजे फिनलंडमध्ये सगळीकडे वाटाण्याच्या सुपाचा दिवस. मेर्या ताठ्यात आडवी झाली. तुओवींनी दोन्ही कठडे वर केले. "तू ऐंशी वर्षांची आहेस आणि तुझे पाय चालत नाहीत," एवढं बोलून सगळ्यांना घेऊन त्या गेल्या.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी कठड्याच्या बाहेर होते, आणि आत एक जिवंत माणूस होतं.

आधी ती छताकडे बघत राहिली. मग चुळबुळ सुरू झाली. सकाळपासून तीन कप कॉफी प्यायलेली बाई ती! घंटीचं बटण भिंतीला लटकत होतं. हात लांब केला, पोचला नाही. मनात आणलं असतं तर टुणकन उडी मारून उतरली असती. पण मेर्याला शर्यत सोडणं माहीत नव्हतं.

"कोणी आहे का?" तिने हाक मारली. मी समोरच होते. पण मी कुठून ओ देणार?

आणखी थोडा वेळ गेला. मग तिने बोटातल्या अंगठीने कठड्यावर वाजवायला सुरुवात केली. टकटक. टकटक. टकटक.

आणि अचानक थांबली. अंगठीकडे बघत राहिली. मग तोंडावर उशी घेऊन ती जी रडली, ते मला अजून ऐकू येतं.

सगळ्या परत आल्या तेव्हा ती तशीच पडून होती. वेन्लाने पटकन कठडा खाली केला. "मेर्या, काय झालं गं?"

"आई अशीच वाजवते," मेर्या म्हणाली. "अंगठीने, दिवसभर. मला वाटायचं, म्हातारपणाचा चाळा आहे. मी तिला गप्प बस म्हणून सांगायचे. कठड्यासाठी डॉक्टरांच्या मागे लागून सही मीच आणली होती."

तुओवींनी तिचा हात धरून तिला उठवलं.

ठरलेल्या शुक्रवारी पुन्हा परीक्षा झाली. पाणी बदलायची वेळ आली आणि मेर्याचा हात सवयीने कठड्याकडे गेला. तुओवींचं पेन कागदावर थांबलं. माझा तर जीव टांगणीला! हात तिथेच थांबला. मग तिने माझा पलंग अगदी जमिनीलगत उतरवला, खाली जाड गादी अंथरली आणि घंटीचं बटण माझ्या मुठीत दिलं.

"हिल्मा, मी पाणी बदलून येते. पाच मिनिटं. काही लागलं तर हे दाब."

कधी परत येणार हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, मित्रांनो. आणि ती पाच मिनिटांत खरंच आली.

मेर्या पास झाली. वृद्धाश्रमात गेल्यावर तिने आधी आईचा कठडा उतरवून घेतला. "आईने पाय खाली सोडून बसून कॉफी प्यायली," ती तुओवींना सांगत होती. "सगळी चादर रंगवली, पण काय खूश होती म्हणून सांगू!"

उन्हाळ्यात नवी बाहुली आली. ती श्वास घेते, खोकते, कण्हतेसुद्धा. मला अडगळीच्या कपाटात ठेवायचं ठरलं. निरोपाला आलेल्या मेर्यानेच मला उचलून आत बसवलं. पायांत मोजे घातले, जुन्या घंटीचं बटण मुठीत दिलं आणि दार नुसतं लोटलं. कडी लावली नाही. फटीतून थोडा उजेड यायचा, तेवढा मला पुरायचा.

परवा कोणीतरी जाताजाता कडी लावून गेलं. त्याचा काही वाईट हेतू नसेल. उघडं दार दिसलं, लावलं.

मित्रांनो, माझं सोडा, मी बाहुली आहे. पण तुमच्या घरी आतल्या खोलीतून टकटक ऐकू आली, तर चाळा म्हणून सोडून देऊ नका. उठा, आत जा, काय हवं ते विचारा. आणि निघताना परत कधी येणार ते सांगून जा.

माझ्या बटणाची तार कशालाच जोडलेली नाही, हे मला माहीत आहे. तरी मी ते घट्ट धरून बसले आहे.