शाळेची माणसं

गोदाकाठच्या शाळेची टीम फुटबॉल खेळायला येणार हे कळलं, तेव्हा सुंदररावांना आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी ते जड अंगानं खुर्चीत मागं टेकले.

कसब्यातले लोक त्यांना हेडमास्तर म्हणत. निजाम सरकारच्या कागदांत ते सदर मुदर्रिस होते. पेन्शनीचा वजीफा घेऊन घरी बसायला आता फार वर्षं उरली नव्हती. हा खेळ कसब्यात त्यांनीच आणला होता. हैदराबादेत शिकत असताना पाहिलेला, तेव्हापासून मनात घर करून बसलेला. इदगाहच्या मागच्या माळावर पोरांकडून दगडधोंडे वेचून घेतले, बांबू रोवून गोल उभे केले. सुरुवातीला बघायला शेरडं वळणारे तेवढे थांबत. पुढं कापसाच्या जिनिंगचे मजूर येऊ लागले, मोंढ्यातले हमाल, तालमीतले पैलवान. बघता बघता फुटबॉल शाळेचा राहिला नाही, कसब्याचा झाला.

गेल्या साली तर कहर झाला. पाहुण्यांच्या गोलकीपरला गर्दीतून धोंडा लागला आणि त्याचा पुढचा दात पडला. मग वरून हुकूम आला. खेळाच्या वेळी जमणारे तमाशबीन त्या त्या शाळेचेच समजले जातील. त्यांनी दंगा केला तर शाळा जबाबदार. पुन्हा असं घडलं तर फुटबॉल बंद, आणि सदर मुदर्रिसांनी जवाब द्यायचा.

"म्हणजे सगळा कसबाच तुमचा झाला की," विमलबाई म्हणाल्या होत्या. त्या सुंदररावांच्या पत्नी. तेव्हा दोघंही हसले होते.

सामना चार दिवसांवर आला तसे सुंदरराव तालमीत गेले. उस्ताद बंकट लाल मातीच्या हौद्याच्या काठावर बसून पोरांचा जोर बघत होता. त्यानं सरकून जागा दिली. सुंदररावांनी हुकूम सांगितला. बंकटनं तो शांतपणे ऐकून घेतला.

"मास्तर, आमच्या आळीचं एक तरी पोरगं तुमच्या शाळेत हाय का?"

सुंदररावांनी हौद्यातल्या मातीकडं पाहिलं.

"सांगा की. मातीत काय बघता?"

"नाही, बंकटराव. एकही नाही."

"मग आमी शाळेचे कवा झालो?"

"गेल्या साली त्या पोराचा दात पडला तेव्हापासून."

बंकट मोठ्यानं हसला. हसता हसता त्यानं मांडीवर थाप मारली. "सांगून बघतो पोरांना. पण माझ्या हातात काय न्हाई, मास्तर. बॉल गोलाकडं जाया लागला की माणसाचं डोकं ठिकाणावर ऱ्हात न्हाई. माझंबी ऱ्हात न्हाई."

सामन्याच्या दिवशी उन्हं उतरायच्या आत माळ भरून गेला. सुंदरराव चुन्याच्या रेषेवर, मैदानाकडं पाठ करून उभे राहिले, गर्दीकडं तोंड करून. आपण बघत असलो की माणसाचा हात खाली राहतो, एवढा एकच उपाय त्यांना सुचला होता. खेळ चालू झाला. चेंडूवर बसणाऱ्या लाथा त्यांना ऐकू येत होत्या, पण चेंडू कुठं आहे ते समोरच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं. चेहरे डावीकडं वळले की चेंडू डावीकडं. एकदा सगळी तोंडं एकदम उघडली, पागोटी हवेत उडाली, "पंडित! पंडित!" असा गलका झाला. पंडित शाळेचा कप्तान. त्यानं गोल केला होता. सुंदररावांचा पाय नकळत मागं वळू लागला. त्यांनी तो पुन्हा जागेवर आणला.

ऊन डोळ्यांवर येत होतं. त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. आता थोडंच राहिलं, असं ते मनाशी म्हणत होते, तेवढ्यात पाठीमागं शिट्टी वाजली आणि समोरची गर्दी भडकली.

"हात! हात लागला! हाताचा गोल हाय!"

पाहुण्यांचा गोल पंचानं मान्य केला होता. समोर माणसं वाकू लागली. वाकलेला माणूस सरळ होतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं, हे सुंदररावांना ठाऊक होतं. पहिल्या रांगेत जिनिंगचा रामकिसन होता. त्याच्या मुठीत अंड्याएवढा गोटा होता. सुंदररावांनी त्याच्याकडं पाहिलं. त्यानंही पाहिलं, पण मूठ सोडली नाही.

सुंदरराव वळले आणि मैदानात गेले. धावायची ताकद नव्हती, ते चालतच गेले.

"खेळ थांबवा," ते पंचाला म्हणाले. "आम्ही हरलो."

"अहो, एकास एक आहे. वेळ आहे अजून."

"असू द्या. आम्ही हरलो म्हणून जाहीर करा आणि पाहुण्यांना आधी छकड्यांत बसवा."

पंडित चेंडू छातीशी धरून आला. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. "सर, मी अजून एक चढवतो. नक्की चढवतो."

"चेंडू दे, पंडित."

"माझं काय चुकलं, सर?"

"तुझं काहीच नाही चुकलं, बाळ."

पंडितनं चेंडू त्यांच्या हातात दिला नाही. त्यांच्या पायाशी ठेवला आणि तो निघून गेला.

हरल्याचं जाहीर होताच वर गेलेले हात थबकले. पाहुण्यांवरचा राग जिथल्या तिथं अडकला. तेवढ्यात छकडी वेशीबाहेर पडली. मग लोकांना कळलं की आपल्याला पाहुण्यांनी हरवलंच नव्हतं. हेडमास्तरानं हरवलं होतं.

दिवेलागणीला सुंदररावांच्या अंगणात दगड पडले. दोन भिंतीवर आदळले, एकानं रांजण फुटला. विमलबाई तुळशीपाशी दिवा लावत होत्या. चौथा दगड त्यांच्या भुवईच्या वर लागला. सुंदररावांनी धावत जाऊन त्यांना आत घेतलं, जखमेत हळद भरली, धोतराचा सोगा फाडून बांधला. गाठ दोनदा ओढून पाहिली. विमलबाई ओरडल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "दार लावून घ्या," एवढंच म्हणाल्या.

सकाळी पोलिसांचे अमीन साहेब आले. बाहेरच्या ओट्यावर बसले.

"नाव सांगा, मुदर्रिस साहेब. दुपारच्या आत उचलून आणतो."

अंधारात पळणाऱ्या रामकिसनला सुंदररावांनी ओळखलं होतं. पण नाव घेतलं की तक्रार होणार. तक्रार झाली की सामन्याच्या दिवशी दंगा झाला असं वर जाणार, आणि दंगा करणारे कोण, तर शाळेची माणसं. मैदानात हरून जे वाचवलं, ते ओट्यावर बसून घालवायचं. ते मनात एक खोटं जुळवू लागले.

दाराआडून विमलबाईंचा आवाज आला. "चौकट लागली मला. अंधार होता."

अमीन साहेबांनी अंगणातल्या दगडांकडं पाहिलं, रांजणाच्या खापऱ्यांकडं पाहिलं. "चौकट लई फिरलेली दिसती," ते म्हणाले आणि उठून गेले.

सुंदरराव आत आले. "तू कशाला बोललीस?"

"तुम्ही खोटं बोलला असता ना, तर ते मला जास्त लागलं असतं," विमलबाई म्हणाल्या. आणि मग पुढचे कित्येक दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. सुंदरराव शाळेत जायचे, तास घ्यायचे, घरी यायचे. बाजारात लोक त्यांना पाहून तोंड फिरवत. पोरं वर्गात मान खाली घालून बसत. त्यांना कुणावर रागावावंसंही वाटेना. रागवायलासुद्धा अंगात काही लागतं.

शुक्रवार, जुम्म्याची सुट्टी होती. बंकट रामकिसनला दंडाला धरून घेऊन आला. रामकिसन अंगणात उभा राहिला, ओट्यावर चढेना.

"अमिनाला चौकट कावून सांगितली, मास्तर?" बंकटनं विचारलं.

"तुम्ही शाळेची माणसं आहात, असा सरकारी हुकूम आहे. तुमचं नाव सांगितलं काय आणि शाळेचं सांगितलं काय."

या वेळी बंकट हसला नाही.

"म्या घरावर मारला व्हता," रामकिसन जमिनीकडं बघत म्हणाला. "बाईवर न्हाई."

"घरात माणसंच राहतात रे बाबा," विमलबाई म्हणाल्या. त्या दारात येऊन उभ्या होत्या. कपाळावरची पट्टी सुटली होती, खपली दिसत होती. कुंकू त्यांनी जरा बाजूला लावलं होतं. "एवढं काय होतं त्या खेळात? मी कधी पाहिला नाही. सांग तरी."

रामकिसननं बंकटकडं पाहिलं. मग तो चाचरत सांगू लागला. पंडितनं बॉल कसा अडवला, दोघं त्याच्या अंगावर कसे आले. सांगता सांगता त्याचे हात हलू लागले, मग पाय हलू लागले. "एकाला असा चुकवला, बाई. दुसरा पडला. अन् मग डाव्या पायानं असा हाणला का, गोलकीपर बघतच ऱ्हायला!"

"डाव्या पायानं?" सुंदररावांनी विचारलं.

"डाव्याच. मास्तर, तुमी तर तिथंच व्हता की!"

"माझं तोंड तुमच्याकडं होतं."

रामकिसन थांबला. उचललेला पाय त्यानं जमिनीवर टेकवला. मग विमलबाईंनी विचारलं, "पुढं?" आणि त्यानं पुढं सांगितलं, पण आता हळू आवाजात.

दंग्याची तक्रार नव्हती, म्हणून फुटबॉल बंद झाला नाही. हुकमातली शर्तही तीच राहिली. पंडितनं मात्र खेळ सोडला. रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा, थांबायचा नाही. सुंदररावांनी एकदा हाक मारली, तेव्हा तो वळला, "जी, सर," म्हणाला, आणि पुन्हा चालू लागला.

थंडीत पुढचा सामना झाला. पहिल्या रांगेत बंकट आपली माणसं घेऊन बसला होता. शिव्या झाल्या. एक ढेकूळ उडालं, तेव्हा बंकटनं उडवणाऱ्याला बखोटीला धरून माळाबाहेर काढलं. सुंदरराव रेषेवरच उभे होते, मैदानाकडं पाठ करून.

घरी आले तेव्हा विमलबाईंनी पाय धुवायला पाणी ठेवलं होतं.

"झाला का खेळ?"

"झाला."

"दगड?"

"एक ढेकूळ."

त्यांनी चहाचं आधण चढवलं. सुंदररावांनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं, भिंतीला पाठ टेकली आणि पाय लांब केले. डोळे मिटले तरी समोर ते सगळे चेहरे दिसत होते.