कमरुद्दीनच्या शर्टाची राखणदार

मित्रांनो, नाक मुरडू नका! मी एक जुनी डांबराची गोळी आहे. आता मसुराएवढी उरले आहे. पण पनवेलच्या बाजारातून अमिरुन्निसाने मला आणले, तेव्हा बोराएवढी पांढरीशुभ्र होते.

तिचा नवरा कमरुद्दीन आखातात, दोहा शहरात नोकरीला होता. तो तिकडेच वारला. घरी त्याची बॅग तेवढी आली. तिच्यात त्याने अंगातून काढलेला, न धुतलेला निळा शर्ट होता. अमिरुन्निसाने तो हुंगला. "यात अजून ते आहेत. हा धुवायचा नाही," ती म्हणाली. कसर लागू नये म्हणून तिने मला त्या शर्टाच्या घडीत ठेवले आणि ट्रंक बंद केली.

ती रडली नाही. नवरा गेल्यावर विधवेने घरात राहून पाळायच्या इद्दतीच्या दिवसांतच तिने शिलाईचे मशीन पुढे ओढले. शेजारणी म्हणत, "काय हिंमतीची बाई!" मुलगी झेबा म्हणे, "अम्मी, जरा रडून घे ना."

"फुरसत कुणाला आहे? ईदचे कपडे पडलेत शिवायचे."

मीही कामचुकार नव्हते हो! कसरीची काय बिशाद! पण माझी जातच अशी, की पाणी न होता मी थेट हवेत विरते. झेबा शाळेचा धडा घोकायची, त्यात याला संप्लवन म्हटले होते. मला कोण अभिमान वाटला! विरता विरता मी शर्टाच्या धाग्याधाग्यात शिरत होते, हे मात्र ध्यानात आले नाही.

दोन वर्षांनी झेबा कॉलेजात मानसशास्त्र शिकू लागली. एके दिवशी कौतुकाने म्हणाली, "अम्मी, आतलं दुःख तू कामात लावलंस ना, त्याला उदात्तीकरण म्हणतात. गोळी विरते त्याला आणि याला इंग्लिशमध्ये एकच शब्द आहे, सब्लिमेशन!"

मशीन थांबले. "मग दुःख संपतं का गं त्यानं?"

अमिरुन्निसाने उठून ट्रंक उघडली. शर्टाची कॉलर हुंगली, बाही हुंगली, पुन्हा कॉलर हुंगली.

"झेबा, ते नाहीत गं यात! नुसता गोळीचा वास येतोय!"

शर्टात तोंड खुपसून ती ओक्साबोक्शी रडली. झेबाही रडली. मी घडीतून फरशीवर पडले होते, तिथूनच बघत राहिले.

शर्टाला एकही भोक पडले नाही, मित्रांनो. पण जे राखायचे होते, ते माझ्यामुळेच गेले. फार वाईट वाटते. आता थोड्या दिवसांत मीही संपेन. तुमच्या घरी कोणी न रडता स्वतःला कामाला जुंपून घेतले असेल, तर शाबासकी देऊन निघून जाऊ नका. जवळ बसा, आणि वास आहे तोवर ट्रंक उघडायला लावा.