पोकळ भिंतीवरची मांडणी

मी बोलतेय. इकडे, खिडकीच्या डाव्या हाताला बघा. पुस्तकांची मांडणी आहे मी, पाच खणांची, अंगाने जरा जाडजूड. दचकू नका. एरवी मी तोंड उघडत नाही, कारण आमच्यात बोलायचं काम पुस्तकांचं आणि आम्ही मुकाट त्यांचं ओझं वाहायचं. पण एकदा मला बोलता यायला हवं होतं, अगदी घसा फोडून. ते जमलं नाही, म्हणून आता सांगते.

मला घडवलं एका तोंडाळ सुताराने. रंधा मारताना तो मला शिव्या घालायचा आणि काम झालं की पाठीवरून हात फिरवायचा. पुढे आयुष्यात जी माणसं भेटली, ती नेमकी उलटी होती. तोंडातून शब्द काढायची नाहीत आणि आतल्या आत झुरायची.

मला करून घेतलं या घरच्या सुनेने. लहानपणी ती सहा जणांच्या एका खोलीत वाढली. वाचायचं म्हटलं की मोरीच्या उंबरठ्यावर बसायची आणि कोणी आंघोळीला आलं की पुस्तक उचलून उठायची. आपल्या लेकीवर ही वेळ येऊ द्यायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून बैठकीच्या खोलीतला हा उजेडाचा कोपरा तिने हेरला. भिंतीला पिस्त्याचा रंग दिला, खाली गादी घातली, गादीला जुन्या पडद्याचा अभ्रा शिवला, एका बाजूला उंच दांडीचा दिवा ठेवला. आणि गादीच्या बरोबर वर, भिंतीला टांगलेली मी.

सुतार म्हणाला होता की टांगायला मी स्वतः येईन. पण तो तापाने पडला आणि सुनेच्या नवऱ्याला दम निघेना. नवंकोरं ड्रिल मशीन घरात आलेलं, हात शिवशिवत होते. त्याने भोक पाडायला घेतलं तर ड्रिल सुळकन आत गेलं. गडी खूश झाला, म्हणाला, काय मऊ भिंत आहे, एका दमात काम झालं.

त्याचे वडील चहाचा कप घेऊन मागे उभे होते. त्यांना आपण आजोबा म्हणू, नात तसंच म्हणते. त्यांनी कप तसाच खिडकीत ठेवला.

"तिथं नको. दुसरीकडे लावा," ते म्हणाले.

मुलाने कारण विचारलं. आजोबा आपल्या खोलीत निघून गेले. सुनेचा चेहरा पडला. घरात उजेडाचा कोपरा होता हा एकच, आणि तो तरी यांना का खुपावा? कारण कळेना, म्हणून मुलाने मला तिथेच टांगलं.

का, ते मला टांगल्यावर हळूहळू कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. माझ्या पाठीमागे भिंत नव्हतीच. तिथे एक दार होतं. दाराच्या पलीकडे आजोबांचे थोरले भाऊ राहतात. एकाच घराच्या दोन बाजू, मध्ये ये-जा करायला हे दार. मुलगा रांगत होता तेव्हा भावाभावांचं बिनसलं. थोरल्यांनी त्या बाजूने कडी घातली, आजोबांनी या बाजूने चौकटीवर प्लायवूड ठोकून वर रंग मारला. तेव्हापासून या घरात त्या दाराचं नाव कोणी घेत नव्हतं, आणि मुलगा त्या प्लायवूडला भिंत समजतच मोठा झाला.

मला पहिल्या दिवसापासून शंका होती. खऱ्या भिंतीला पाठ लागली की गार वाटतं, निर्धास्त वाटतं. इथे पलीकडे कोणी भांडं आपटलं तरी माझ्या फळ्या थरथरायच्या. पलीकडून एका म्हाताऱ्याचा खोकला ऐकू यायचा, आणि तो आला की इकडे आजोबांच्या हातातलं वर्तमानपत्र हलायचं थांबायचं.

सून मात्र हौसेने मला भरत होती. गोष्टींची पुस्तकं, जुने अंक, शब्दकोशाचे जाडजूड खंड, वर वेलाची कुंडी. भरल्यावर ती चार पावलं मागे जायची आणि मान तिरकी करून बघायची. मला तेव्हा असं कौतुक वाटायचं ना स्वतःचं! पण ती पाठमोरी झाली की चौकटीतल्या खिळ्यांची कुरकुर सुरू व्हायची. वरचा उजवा खिळा रोज केसभर बाहेर येत होता. माझा जीव टांगणीला, आणि माझ्याखाली गादीवर पालथी पडून चित्रं बघत असायची भिंगरी.

भिंगरी म्हणजे सुनेची लेक. एका जागी टिकत नाही म्हणून हे नाव. पण या गादीवर ती टिकायची, तासन् तास, आणि हीच तर पंचाईत होती.

आजोबांनी काय केलं असेल? सगळे कामावर गेले की ते हळूच यायचे आणि माझ्यातले जड खंड काढून आपल्या खाटेखाली सरकवायचे. सून आली की खंड शोधून पुन्हा माझ्यात ठेवायची. हा काढतोय, ती भरतेय, आणि मी मध्ये. भिंगरीला ते म्हणायचे, चल, माझ्या खुर्चीत बस. ती कसली ऐकतेय. मग ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे आणि डोळ्यांत तेल घालून माझ्याकडे बघत राहायचे. सुनेला वाटायचं, हे माझ्या कोपऱ्याकडे रागाने बघतात.

शेवटी तिने विचारलंच. "बाबा, माझी पुस्तकं तुम्हाला एवढी खुपतात का?"

"खुपत नाहीत गं. जड आहेत."

"मग मांडणी कशाला असते?"

आजोबांनी वर्तमानपत्र उघडलं. माझा असा संताप झाला! अहो, सांगा ना तिला. तीन शब्द आहेत, मागे दार आहे. पण त्या तीन शब्दांच्या मागोमाग भाऊ आला असता, भांडण आलं असतं, नातीने विचारलं असतं की मग आपण त्यांच्याकडे का जात नाही.

त्या दुपारी घरात दोघेच होते, आजोबा आणि भिंगरी. आदल्या दिवशी सुनेने रागारागात सगळे खंड वरच्या खणात नेऊन ठेवले होते, म्हाताऱ्याचा हात पोचू नये म्हणून. भिंगरीला हवं होतं मधल्या खणातलं हत्तीचं पुस्तक. तिने माझ्या खालच्या खणावर पाय ठेवला आणि वर चढली.

वरचा उजवा खिळा सुटला. मग डावा. प्लायवूड वरच्या अंगाने चौकटीतून उचकटलं आणि त्याच्यासकट मी पुढे झुकले. भिंगरी गादीवर पडली, कुंडी तिच्या पायाशी फुटली, पुस्तकांचा ढीग आणि दिव्याची दांडी आडवी आली. आता मी तिच्यावर येणार, हे मला दिसत होतं आणि मला थांबता येत नव्हतं.

आजोबा कधी उठले ते मला समजलंच नाही. त्यांनी मला छातीवर घेतलं. दोन्ही तळहात माझ्या फळ्यांना, मान वाकडी. भिंगरीला म्हणाले, बाहेर ये बाळा, माझ्या पायांमधून ये. पण पोर घाबरून गोळा झाली होती, जागची हलेना. त्यांनी हात सोडला असता तर मी सगळ्या वजनानिशी तिच्यावर कोसळले असते. आणि ते जास्त वेळ धरू शकणार नव्हते, हे मला त्यांच्या छातीच्या धडधडीवरून कळत होतं.

माझ्या डोक्यावरच्या फटीतून ते जुनं दार दिसत होतं, हिरव्या रंगाचं. आजोबांचे डोळे त्याच्यावर खिळले. पलीकडे खोकला चालू होता. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. अरे म्हाताऱ्या, बोल आता तरी! मी मनातल्या मनात त्यांना बदडत होते.

"दादा," ते म्हणाले. आवाज जेमतेम मलाच ऐकू आला. मग सगळा दम एकवटून म्हणाले, "दादा, कडी काढ."

खोकला थांबला. पुढे काही नाही. आजोबांचा एक गुडघा वाकला. मग पलीकडे कोणीतरी धावत आलं, गंजलेल्या कडीवर काहीतरी आपटायला लागलं, आणि दार त्या बाजूला उघडलं.

थोरले आजोबांपेक्षाही वाळकुडे निघाले. त्यांनी काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. फटीतून दोन्ही हात घालून माझा माथा पकडला आणि स्वतःकडे ओढला.

"तू पोरीला घे. मी धरलंय."

आजोबांनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मला सोडलं. वर्षानुवर्षं ज्या माणसाशी शब्द नाही, त्याच्या भरवशावर सोडलं. खाली वाकून भिंगरीला उचललं, छातीशी धरलं, आणि मग मात्र ते हमसून हमसून रडले.

दोघांनी मिळून मला जमिनीवर आडवं केलं. थोरले धापा टाकत पुस्तकांच्या ढिगातच बसले. म्हणाले, इथे का टांगू नका, ते पोरांना सांगितलं नव्हतंस?

"दाराचं नाव काढावं लागलं असतं," आजोबा म्हणाले.

थोरल्यांनी चष्मा काढून पुसला.

संध्याकाळी सून आली ती थेट लेकीकडे धावली. तिचे हातपाय चाचपून झाल्यावर तिने उघडं दार बघितलं, माझ्या पाठीचं प्लायवूड बघितलं, सासऱ्यांचे सोललेले हात बघितले. वरच्या खणातले खंड आता जमिनीवर पडले होते. तिने ते एकेक उचलले आणि सासऱ्यांच्या खाटेखाली नेऊन ठेवले. मग दोन्ही म्हाताऱ्यांच्या हातांना मलम लावलं.

आता मी टांगलेली नाही. सुतार बरा होऊन आला, सगळ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या आणि मला जाड पाय लावून दिले. त्या दाराच्या शेजारी, खऱ्या भिंतीला पाठ टेकून मी उभी आहे. गार वाटतं. भिंगरी गादी ओढून उंबरठ्यावरच बसते. सुनेने सुरुवातीला तिला उठवलं, मग म्हणाली, बस, इथून तुला कोणी उठवणार नाही. म्हाताऱ्यांचं म्हणाल तर फार बोलणं होतं असं नाही. पण वर्तमानपत्राची अर्धी पानं इकडे असतात आणि अर्धी तिकडे.

तुमच्या घरात असा कोपरा करणार असाल तर अवश्य करा. रंग आवडेल तो द्या, गादी मऊ घ्या, पुस्तकं भरपूर आणा. फक्त मांडणी टांगण्याआधी भिंतीवर बोटाने टकटक करून ऐका, आणि पोकळ वाजली तर घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हाला हात जोडते, कोणी विचारेपर्यंत थांबू नका. खाली पोरं बसलेली असतात.