कुरड्यांच्या मांडवाखाली

उन्हाळ्यात नलिनीबाईंच्या गच्चीवर चप्पल घालून चढायची कोणाची छाती नव्हती. पहाटे गव्हाचा चीक शिजायचा, सोऱ्यातून कुरड्यांची पांढरी वेटोळी प्लास्टिकवर पडायची आणि वरून चार काठ्यांना मलमलीचं जुनं धोतर ताणलं जायचं. पांढुर्ण्याची धूळ आणि कावळे, दोन्ही बाहेर.

त्या सकाळी त्यांचे यजमान श्रीधरराव वर आले ते अनवाणी, पण कॅमेरा घेऊन. दुपारी सौंसरचा वैभव तो न्यायला येणार होता. शाळेत त्यांचाच विद्यार्थी, आता स्टुडिओवाला.

"डोळे गेले आता," असं रावांनी गावभर सांगितलं होतं. डोळ्यांना कसली धाड भरली नव्हती. थरथरत होता तो उजवा हात, गेल्या वर्षापासून. चहाची कपबशी वाजायला लागली तशी त्यांनी कपबशी सोडली आणि स्टीलचा पेला धरला. नलिनीबाईंनी ते पाहिलं आणि मुकाट्यानं पेल्यात चहा द्यायला लागल्या. निवृत्तीनंतर हा माणूस संत्र्याच्या बागांमधून किड्यामुंग्यांचे फोटो काढत हिंडला म्हणून हसताबोलता राहिला होता. कॅमेरा गेला की खुर्ची आणि समोरची भिंत.

कालच्या, वाळत आलेल्या एका कुरडईवर तांदळाच्या दाण्याएवढा कोळी बसला होता.

"शेवटचा काढून घेतो," राव म्हणाले. त्यांनी कॅमेरा आणि लेन्सच्या मधे कड्या बसवल्या. त्या कड्यांमुळे लेन्स किड्याच्या पार नाकाशी नेता येते आणि कोळी बोराएवढा दिसतो. मग भरपूर उजेड हवा म्हणून त्यांनी धोतर बाजूला सारलं. फोटो निघाला तो असा: कोळ्याच्या पाठीवर पांढरीफटक चकाकी आणि खाली काळाकुट्ट डाग.

"धोतर काहून काढलं जी? कावळे टपून बसून राहिले तिकडं," नलिनीबाई कडाडल्या.

राव गुपचूप धोतर ओढून स्वतःच आत शिरले आणि तिथंच थबकले. मलमलीतून गाळून आलेलं ऊन कोळ्याभोवती सगळीकडून सारखं पसरलं होतं. पायावरची लव दिसत होती. "अवो, इतकी वर्षं हा उजेड तुह्या कुरड्यांनीच खाल्ला," ते म्हणाले, आणि बाईंना हसू आलं.

पण कोळी मोठा दिसतो तशी हाताची थरथरही मोठी होते. एक फोटो धूसर आला, मग दुसरा, तिसरा. रावांनी कॅमेरा खाली ठेवला. "जाऊ दे. घेऊन जाऊ दे वैभवले."

इतक्या दिवसांचं न बोललेलं आता बोलायचं की नाही, हे बाईंनी क्षणभर तोललं. मग न बोलताच त्यांनी कुरड्यांचा रिकामा डबा पालथा घातला, कॅमेरा त्यावर ठेवला, कुरडई अलगद ताटलीत उचलली आणि ती लेन्ससमोर धरून म्हणाल्या, "मी सरकवतो ताटली. तुम्ही पडद्यात पाहून सांगा."

"पुढं. अजून थोडं. आता मागं, केसभर."

सोऱ्या दाबून घट्ट झालेले ते हात केसभर म्हणजे केसभरच सरकत होते. "थांब," राव म्हणाले आणि टायमरचं बटण दाबून त्यांनी हात काढून घेतला. कॅमेऱ्यानं आपला आपण फोटो काढला. बाईंनी तोवर श्वास घेतला नाही.

पडद्यावर कोळ्याचे डोळे आले, काळे, ओले, टपोरे. रावांनी पडदा बाईंकडे वळवला. बाईंचं मन भरून आलं.

दुपारी वैभव आला. रावांनी कॅमेऱ्याची बॅग पुढं करण्याऐवजी फोटोच दाखवला.

"बापरे," वैभव म्हणाला. "सर, इतक्या जवळून? हात तर अजून लै पक्का हाय तुमचा. मग देऊन काहून राहिले?"

"हात इचा हाय," राव म्हणाले. "माहा थरथरते बावा, वर्ष झालं. कॅमेरा राहू दे. आम्ही दोघं वापरू."

नलिनीबाई चहा करायला आत गेल्या. पेल्याकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला आणि तिघांनाही कपबशीतच चहा आणला. रावांच्या हातात कपबशी वाजायला लागली. त्यांनी ती वाजू दिली.