दोन सिद्धांत आणि चाळीस मेंढ्या

२००२ सालच्या त्या सोमवारी सर सही देणार की आमचं इंजिनिअरिंगचं वर्ष जाणार, एवढाच प्रश्न होता. "डिझाइनचे दोन्ही सिद्धांत छान आहेत, असला गुळमुळीत निष्कर्ष मला नको," सर म्हणाले होते. "एकाच वस्तूवर दोघांची झुंज लावा. काय होईल ते लिहा."

झुंज आमच्यात आधीच पेटली होती. माझा सिद्धांत सरळ, माझ्यासारखा: जितकी कामं तितके वेगळे भाग, एकाची दुसऱ्यात लुडबुड नको. माझा प्रोजेक्टचा जोडीदार सत्यजीत दुसऱ्या सिद्धांताचा भक्त: दोन गरजा भांडत असतील तर भाग वाढवू नका, एकाच युक्तीत दोघींना गप्प करा.

वस्तू मिळाली माझ्या गावी, मांडवगण फराट्याला: मेंढ्यांच्या कुंपणाचं दार. माझ्या आजोबांनी, म्हस्कूआबांनी शेती धरली, तरी चाळीस मेंढ्या काही सोडल्या नव्हत्या. सकाळी मेंढ्या चरायला सोडायच्या आणि कोकरं मात्र जाळ्याच्या कुंपणात आत ठेवायची, यात आबांची रोज तारांबळ. रविवारी आम्ही दारं घेऊन हजर!

माझी दोन दारं, दोन कड्या. एक मेंढ्या सोडायला, एक कोकरं अडवायला. दार उघडलं, तर एकही मेंढी पुढं होईना. सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघत उभ्या. अर्धा तास! मला हसावं की रडावं कळेना.

सत्यजीतनं नुसती एक आडवी फळी लावली. मेंढी ओलांडेल, कोकरू अडेल. युक्ती झकास होती, म्हणून तर मी जळले. आबांनी पहिल्या मेंढीला ओढलं. तिनं उडी मारली आणि मागच्या लाथेनं फळी पाडली. वाट साफ मोकळी. तरी दुसरीनं तिथंच उडी मारली. तिसरीनंही. सगळ्या मेंढ्या हवेवरून टणाटण! आणि त्यांच्यामागून कोकरंसुद्धा, नसलेल्या फळीवरून, थेट कांद्याच्या रानात.

आबा पोट धरून खाली बसले. "आगं पोरी, तुमच्या येवढ्या कागदात मेंढरू कुठं हाय? त्ये पुढच्याचं बघतंय, दाराचं न्हाई!"

"हे लपवू," सत्यजीत म्हणाला.

"हेच लिहू," मी म्हणाले. आणि लिहिलं: दोन्ही सिद्धांत हरले, कारण वापरणारा दुसऱ्याचं बघून वागतो, याला दोन्हीत रकानाच नाही. शोध लावणारे: म्हस्कूआबा.

सोमवारी सरांनी ते पान दोनदा वाचलं. मग चष्मा काढून ते खो खो हसले आणि सही ठोकली.

केबिनमधून निघताना सत्यजीतनं आनंदानं दारात टुणकन उडी मारली. तिथं उंबराबिंबरा काही नव्हता. त्याच्यामागून मीही मारली.